करारातलं पहिलं नाव : कारखान्यातल्या चोरीसाठी खासगी गुप्तहेर नेमल्याचं एक प्रकरण

मी लघुउद्योगांना कामगार कायद्याबाबत सल्ला देतो. खासगी गुप्तहेर नेमावा का, नेमला तर काय पदरात पडतं, हे माझ्या अशिलांपैकी कुणी ना कुणी वर्षातून दोन-तीनदा तरी विचारतं. प्रत्येक वेळी मला हे प्रकरण आठवतं. संबंधितांच्या परवानगीने ते इथे मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माणसांची नावं न देता कारखान्यात त्यांना ज्या नावाने हाक मारतात तीच वापरली आहे : साहेब, ताई, मामा.

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतला चौतीस कामगारांचा कारखाना. पितळेच्या रॉडपासून छोटे जोड, नोझल, झडपांचे भाग बनतात. काही संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीन आहेत, काही जुन्या ट्रॉब, म्हणजे स्वयंचलित लेथ. महिन्याला साधारण सहा टन रॉड लागतो. या धंद्याबाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागते : रॉड कापून भाग बनवताना जवळजवळ निम्मं पितळ चुऱ्याच्या रूपाने खाली पडतं. कारखान्यात त्याला चिप्स म्हणतात. या चिप्स कचरा नव्हेत. त्या वेळी किलोला ४७० रुपयांच्या आसपास भाव होता. भंगारवाला दर शनिवारी छोटा हत्ती घेऊन येई आणि सहाशे-साडेसहाशे किलो चिप्स भरून नेई.

वजन बाहेरच्या सार्वजनिक काट्यावर व्हायचं. आधी रिकामी गाडी काट्यावर, तिथून कारखान्यात येऊन माल भरायचा, पुन्हा काट्यावर. दोन पावत्यांमधला फरक म्हणजे मालाचं वजन. हिशोबाच्या वहीत तेवढा फरकाचा आकडा चढायचा. पावत्या स्टोअरमध्ये राहायच्या.

स्टोअर मामांकडे. एकोणीस वर्षांची नोकरी. गेटमधून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर ते स्वतःच्या हाताने रजिस्टरमध्ये लिहीत. सिक्युरिटीचं रजिस्टर वेगळं असलं तरी मामांचा त्यावर भरवसा नव्हता.

अडचण

साहेबांची मुलगी, म्हणजे ताई, कॉस्टिंग शिकून २०२५ च्या जानेवारीत कारखान्यात आली. तिने पहिलं काम हाती घेतलं ते धातूच्या ताळेबंदाचं : आत किती पितळ आलं, भाग बनून किती गेलं, तुकडे आणि रिजेक्शन किती, चिप्स किती विकल्या. इतक्या वर्षांत हा हिशोब कुणी मांडलाच नव्हता.

एका महिन्याचे आकडे असे होते : रॉड ६,००० किलो, तयार भाग ३,१५० किलो, तुकडे आणि रिजेक्शन १५० किलो. म्हणजे चिप्स २,७०० किलोच्या आसपास निघायला हव्यात. विकल्या गेल्या होत्या २,३८०. तूट ३२० किलो, दीड लाख रुपयांची. चिप्स तेलात भिजलेल्या असतात, म्हणजे वजन थोडं जास्तच भरायला हवं. कमी भरण्याचं काहीच कारण नव्हतं.

तिने मागचे महिने काढले. ऑगस्ट २०२४ पर्यंत तूट महिन्याला चाळीस-पन्नास किलो होती. सप्टेंबरपासून ती एकदम तीनशेवर गेली आणि तिथेच राहिली. एप्रिलपर्यंत आठ महिने झाले होते. नुकसान बारा लाखांच्या घरात गेलं होतं.

साहेबांनी आकडे पाहिले आणि दुसऱ्याच मिनिटाला म्हणाले, "मामा."

कारण विचारलं तर म्हणाले, चऱ्होलीत त्याने दोन मजली घर बांधलंय, मुलाला नवी गाडी घेतलीय, आणि स्टोअरची किल्ली त्याच्याकडे असते. घराच्या वास्तुशांतीला साहेब स्वतः जेवून आले होते. गृहकर्जासाठी बँकेने मागितलेल्या पगाराच्या दाखल्यावर सही साहेबांचीच होती. हे सगळं त्यांना आठवत होतं. पण संशय एकदा डोक्यात बसला की माहीत असलेल्या गोष्टींचा अर्थही उलटा लागायला लागतो.

कोणते पर्याय होते

मला बोलावलं तेव्हा साहेबांना मामांना त्याच दिवशी काढायचं होतं. त्याला मी ठाम नकार दिला. आरोपपत्र, चौकशी, म्हणणं मांडायची संधी यांतलं काहीही न करता एकोणीस वर्षांच्या माणसाला चोर ठरवून घरी पाठवलं तर कामगार न्यायालयात टिकणार नाही. शिवाय पुरावा म्हणून आपल्या हातात होती फक्त तूट. तुटीवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

पोलिसांत जाण्याचाही विचार झाला. नोकराने केलेल्या चोरीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३०६ आहे. पण चोरी कुठे होते, कशी होते, कोण करतं, यांतलं एकही सांगता येत नसताना तक्रार द्यायची म्हणजे चौतीस माणसांना चौकीत बोलावणं आलं. ऑर्डर अंगावर असताना साहेबांना ते नको होतं आणि मलाही ते शहाणपणाचं वाटलं नाही.

कॅमेरे वाढवावेत, असं ताईचं म्हणणं होतं. चिप्सच्या ट्रॉलीजवळ आणि मागच्या भिंतीशी दोन कॅमेरे बसवलेही. तीन आठवड्यांत काहीच दिसलं नाही. साहेबांनी त्याचा अर्थ "मामाला कॅमेरे माहीत आहेत" असा लावला.

मग गुप्तहेराचा विषय निघाला. हा पर्याय मीच सुचवला, हे नमूद करतो.

तीन भेटी

आपल्याकडे खासगी गुप्तहेरांसाठी परवान्याचा स्वतंत्र कायदा नाही. २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा आहे तो सुरक्षारक्षक पुरवणाऱ्यांसाठी. गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे भिंतीवर टांगलेलं "सरकारमान्य" असं प्रमाणपत्र पाहून भुलू नये. बघायचं ते जीएसटी नोंदणी, शॉप ॲक्ट, लेखी करार करायची तयारी, आणि यापूर्वी यांचा माणूस कोर्टात साक्षीला उभा राहिला आहे का, हे.

पहिल्या ठिकाणी एसी केबिन होती. समोरच्या गृहस्थाने पाच मिनिटांत सांगितलं, "पंच्याहत्तर हजार द्या. आठ दिवसांत त्याच्या मोबाइलचा सीडीआर आणि बँकेचं स्टेटमेंट तुमच्या टेबलावर." साहेबांनी खिशातून चेकबुक काढलं. मी त्यांचा हात धरला, अक्षरशः.

कुणाचे कॉल कुणाला गेले, किती वेळ चालले, त्या वेळी फोन कुठल्या टॉवरवर होता, हे सगळं सीडीआरमध्ये असतं. ते तपास यंत्रणांना ठरलेल्या पद्धतीनेच मिळतं किंवा कोर्टाच्या आदेशाने. खासगी माणसाच्या हाती आलं तर ते कुठून तरी चोरूनच आलेलं असतं. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी सीडीआर बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक केली, तेव्हा या धंद्यातली नावाजलेली माणसंही त्यात अडकली होती. अशा वेळी पैसे देऊन ती माहिती मागवणारा ग्राहकही चौकशीच्या फेऱ्यात येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. तेव्हापासून "सगळेच करतात" हा बचाव आणखी लंगडा झाला आहे. बँक स्टेटमेंटचंही तसंच.

दुसऱ्या संस्थेला मामांच्या गाडीला जीपीएस लावायचा होता, गुपचूप. दुसऱ्याच्या मालकीच्या गाडीला त्याच्या नकळत हात लावायचा, हे ऐकून आम्ही उठलो.

तिसरी भेट पंचेचाळिशीच्या एका बाईंशी झाली. पूर्वी त्या विमा कंपन्यांसाठी क्लेमची चौकशी करायच्या. त्यांनी दर सांगायच्या आधी दीड तास प्रश्न विचारले. चिप्स कोण उचलतं, ट्रॉली कुठे रिकामी होते, गाडी कोण भरतं, काट्यावर कोण जातं. मग म्हणाल्या, "मला वर्षभराच्या काट्याच्या पावत्या बघायच्या आहेत. दोन्ही, रिकाम्या गाडीच्याही."

साहेब म्हणाले, "त्या स्टोअरमध्ये आहेत, मामाकडे. मागितल्या तर त्याला वास लागेल."

बाईंनी एकदा ताईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी काहीच बोललो नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचतो तो हा क्षण. ज्याच्यावर संशय होता त्याच्याकडेच कागद होते, आणि संशय होता म्हणूनच आम्ही ते मागितले नाहीत.

करार

करार पाच पानांचा झाला. आधी त्यातलं चांगलं सांगतो, कारण ते कुणालाही उपयोगी पडेल. दोन माणसांच्या पथकाचे दिवसाला ८,५०० रुपये, प्रवासखर्च पावतीप्रमाणे, वर १८ टक्के जीएसटी. साठ हजार आगाऊ. ज्या दिवशी काम होईल त्याच दिवसाचे पैसे आणि जास्तीत जास्त पंधरा दिवस. रोजचा अहवाल लेखी, वेळेनिशी. कुणाच्या घरात, आवारात शिरायचं नाही. फोन, बँक, ईमेल यांना हात लावायचा नाही. पोलिस, वीज कंपनी किंवा महापालिकेचा माणूस असल्याची बतावणी करायची नाही, कारण लोकसेवकाचं सोंग घेणं हा गुन्हा आहे. फोटो काढणारा माणूस गरज पडल्यास कोर्टात साक्ष देईल, त्याचे वेगळे पैसे. काम संपल्यावर त्यांच्याकडच्या प्रती नष्ट करायच्या आणि तसं लिहून द्यायचं.

निकालाची हमी करारात नव्हती. बाईंनीच स्पष्ट सांगितलं, "काही सापडलं नाही तरी दिवस भरतात." गुप्तहेराकडे पोलिसांचे कोणतेही अधिकार नसतात. रस्त्यावर उभं राहून कुणालाही जे दिसेल तेच तो पाहतो, फक्त चिकाटीने आणि नोंद ठेवून. तुम्ही पैसे मोजता ते त्या चिकाटीचे.

कारखान्यात हेल्पर म्हणून एक माणूस घुसवावा का, यावरही चर्चा झाली. मी नको म्हटलं. मशीनवर हात टाकणारा माणूस पीएफ-ईएसआयच्या यादीत हवा, त्याला काम शिकवलेलं हवं. बनावट कामगाराचं बोट गेलं तर उत्तर साहेबांनी द्यायचं. तो निर्णय बरोबर ठरला असं आजही वाटतं.

आता चुकलेलं. कराराच्या पहिल्या पानावर "तपासाचा विषय" असा रकाना होता. तिथे साहेबांनी मामांचं पूर्ण नाव, पत्ता आणि गाडीचा नंबर लिहिला. ताई म्हणाली, "बाबा, इथे 'चिप्स कुठे जातात' असं लिहू या ना." साहेब म्हणाले, "ते एकच आहे." मसुदा माझ्याकडे होता. मी नाव खोडायला हवं होतं. अशिलाचं समाधान होईल, सहा दिवसांत काही निघालं नाही तर ते स्वतःच थांबतील, असा हिशोब मी मनाशी केला आणि सही होऊ दिली.

पहिले सहा दिवस

गुप्तहेराचा अहवाल आपल्याला वाटतो तसा थरारक नसतो. पहिल्या दिवसाच्या अहवालातल्या ओळी अशा : "सायं. ६.१० – कारखान्यातून बाहेर, एकटे, हातात डब्याची पिशवी. ६.३४ – भाजी घेतली. ६.५५ – घरी. ९.३० – घरासमोर दहा मिनिटं, शेजाऱ्याशी बोलणं. १० – दिवे बंद." सहाही दिवस थोड्याफार फरकाने हेच. एका संध्याकाळी ते मेडिकलमध्ये गेले, एका सकाळी आळंदीला. साहेब दिवसातून पाच-सहा वेळा बाईंना फोन करत. बाईंनी अखेर सांगितलं, रात्री नऊला अहवाल येईल, मधे फोन नको.

अहवाल वाचताना मला अस्वस्थ वाटायला लागलं होतं. एका माणसाची भाजीची पिशवी, त्याचं औषध, त्याच्या घरातले दिवे कधी मालवतात, हे मला कशासाठी माहीत असायला हवं होतं? कायद्याने यात गुन्हा नव्हता. तिथे एखादी महिला कर्मचारी असती आणि तिच्या मागे पुरुष लावला असता तर पाठलागाचं कलम ७८ दाराशी उभं राहिलं असतं. पण कलम लागत नाही म्हणून गोष्ट योग्य ठरत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मामा साहेबांच्या केबिनमध्ये आले. ताई तिथेच होती, तिच्याकडून ऐकलेलं सांगतो. मामांनी खिशातली छोटी डायरी काढून टेबलावर ठेवली. त्यात एका मोटारसायकलचा नंबर होता आणि त्याखाली चार तारखा, वेळांसह.

"साहेब, ही गाडी चार दिवस माझ्या मागं आहे. चऱ्होलीत टपरीवर उभी असते. काल आपल्या गेटच्या पलीकडंही होती. कारखान्यावर कुणी नजर ठेवतंय का, बघायला पाहिजे. सिक्युरिटीला सांगून ठेवतो."

एकोणीस वर्षं गाड्यांचे नंबर लिहिणाऱ्या माणसाच्या मागे आम्ही गाडी लावली होती, आणि तो ते कारखान्याच्या काळजीपोटी मालकाला सांगायला आला होता.

साहेब "बघतो" एवढंच म्हणाले.

तरीही सहावा दिवस झाला, कारण "आता तो सावध झालाय, आजच काहीतरी हलवेल" असं साहेबांना वाटलं. तो शनिवार होता. पथक चऱ्होलीत होतं. त्याच वेळी भंगारवाल्याची गाडी नेहमीप्रमाणे येऊन माल घेऊन गेली आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्या दिवसापर्यंत दिवसाच्या दराने ५१,००० रुपये झाले होते.

पावत्यांचे गठ्ठे

रविवारी ताईने वडिलांना न विचारता स्टोअर उघडलं. मामांनी पावत्यांचे महिनावार गठ्ठे सुतळीने बांधून, वर महिन्याची चिठ्ठी लावून फडताळात ठेवले होते. शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ती मला म्हणाली, "एवढं नीट ठेवणारा माणूस चोरीचे कागद असे ठेवेल का, हा प्रश्न मला गठ्ठा सोडायच्या आधीच पडला."

गाडी तीच, ड्रायव्हर तोच. रिकाम्या गाडीचं वजन ऑगस्ट २०२४ पर्यंतच्या प्रत्येक पावतीवर ८८० किलो किंवा दहा किलो इकडेतिकडे. सप्टेंबरच्या पहिल्या पावतीपासून ९६०. मग प्रत्येक वेळी ९६०.

रिकामी गाडी ऐंशी किलोने जड दाखवली की मालाचं वजन ऐंशी किलोने कमी भरतं. महिन्याला चार फेऱ्या, ३२० किलो.

सप्टेंबरमध्ये काय बदललं होतं? पूर्वी कारखान्याचा एक मुलगा गाडीसोबत काट्यावर जायचा. गणपतीच्या तोंडावर ऑर्डरची घाई झाली तेव्हा साहेबांनी त्याला पॅकिंगला घेतलं आणि ड्रायव्हरच एकटा पावती आणू लागला. तो मुलगा पुन्हा काट्यावर गेलाच नाही. मामांनी त्या वेळी दोनदा सांगितलं होतं, गाडीसोबत माणूस पाठवा म्हणून. ताईला हे पॅकिंगच्या मुलाकडून कळलं. साहेबांना ते आठवत नव्हतं.

उरलेले सात दिवस

पावत्या बघितल्यावर बाईंनी मामांवरची पाळत त्याच दिवशी बंद केली आणि कराराचा विषय बदलून दुरुस्तीपत्रावर सही घेतली. पुढचे तीन आठवडे मोजून सातच दिवस काम झालं : एक दिवस काट्यावर, तीन शुक्रवार भंगारवाल्याच्या गोदामासमोर, आणि तीन शनिवार गाडीमागे.

काटा सरळ होता. वैधमापन खात्याचा त्या वर्षीचा पडताळणी शिक्का होता. काटेवाल्याने जे दिसलं तेच छापलं होतं.

गाडीच्या मागच्या हौद्यात, ताडपत्रीखाली, वीस लिटरचे चार निळे प्लॅस्टिकचे कॅन असायचे. कूलंटचे, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, जुने कॅन, आमच्या भागातल्या प्रत्येक गाडीत दिसतात तसे. शनिवारी सकाळी गोदामाच्या नळावर ते पाण्याने भरले जात. चार गुणिले वीस, ऐंशी किलो. गाडी रिकाम्या वजनाला काट्यावर जाई. तिथून आमच्या गेटकडे येताना एका पंक्चरच्या दुकानामागे गाडी दोन मिनिटं थांबे. फोटोत ड्रायव्हर कॅन तिरका धरून उभा आहे आणि मे महिन्याच्या कोरड्या रस्त्यावर पाण्याचा ओला पट्टा गटाराकडे जातो आहे. रिकामे कॅन गाडीतच राहत. त्यामुळे भरल्या वजनाच्या वेळी गाडीत काही कमी झालेलं कुणाला दिसत नसे.

तिन्ही शनिवारी हेच घडलं. फोटो काढणाऱ्याने मूळ फोन आणि कार्ड जपून ठेवलं आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र दिलं. हे फार जण विसरतात. जालन्याच्या एका निवडणुकीवरून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं होतं की मूळ उपकरणच कोर्टासमोर आणलं नसेल, तर असं प्रमाणपत्र असल्याशिवाय इलेक्ट्रॉनिक पुरावा वाचता येत नाही. नुसते व्हॉट्सॲपवर आलेले फोटो घेऊन वकिलाकडे जाल तर तो पहिला प्रश्न हाच विचारेल.

एकूण बिल : तेरा दिवसांचे १,१०,५००, प्रवास ११,२००, जीएसटी २१,९०६. सगळे मिळून १,४३,६०६ रुपये.

पुढे काय केलं

चौथ्या शनिवारी गाडी गेटवर आली तेव्हा ताई स्वतः तिच्यात बसली आणि रिकामी गाडी दुसऱ्या काट्यावर घेऊन गेली. पावती आली ८८० ची. ड्रायव्हरने आणलेली पावती ९६० ची. दोन्हींवर ड्रायव्हरची सही घेतली.

इथे पुन्हा एक निर्णय होता. न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीची तक्रार द्यायची की वसुली करायची? साहेबांना दोन्ही हवं होतं : "पैसे दे, नाहीतर पोलिसांत देतो." मी ते वाक्य उच्चारू दिलं नाही. तक्रारीची धमकी देऊन पैसे मागणं आपल्यावरच खंडणीच्या आरोपाने उलटू शकतं. भंगारवाल्याला पत्र गेलं ते फक्त हिशोबाचं : अमुक तारखांच्या पावत्या, अमुक फरक, इतकी रक्कम येणे. सोबत पावत्यांच्या प्रती. फोटो आम्ही दाखवलेच नाहीत, ते राखून ठेवले.

त्याने सगळं ड्रायव्हरवर ढकललं. कॅन भरले जात होते ते त्याच्याच गोदामाच्या नळावर, पण त्याला माहीत होतं की नव्हतं हे आम्ही सिद्ध केलं नाही. आठ लाखांवर तडजोड झाली, तीन चेकमध्ये. पहिला वटला. तीन लाखांचा दुसरा परत आला. बँकेचा मेमो हातात आल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते, आम्ही चौथ्या दिवशी दिली. नोटिशीनंतर त्याला असलेल्या पंधरा दिवसांच्या मुदतीत पैसे आले. तिसरी रक्कम त्याने थेट बँकेतून पाठवली.

चिप्स आता गोण्यांत भरून आतल्याच प्लॅटफॉर्म काट्यावर तोलल्या जातात. तो २०० किलोचा काटा कारखान्यात आधीपासून होता. तेल लागून खराब होतो म्हणून चिप्ससाठी कुणी वापरत नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

गुप्तहेर नेमणं चुकलं असं मी म्हणणार नाही. पावत्यांवरून ऐंशी किलोंचा फरक कळला असता, पण पाण्याचे कॅन कळले नसते, आणि दुसरा चेक परत आल्यावर आमच्याकडे असलेल्या फोटोंची ताकद आम्हाला धीर देत होती. बाईंचं काम चोख होतं.

आधी घरातले कागद बघायला हवे होते, मग बाहेरचा माणूस. दोन शनिवार चिप्स आतल्या काट्यावर तोलून गाडीत भरल्या असत्या तरी तूट गेटच्या आत नाही, बाहेर आहे, हे फुकटात कळलं असतं. मामांवर एक दिवसही पाळत ठेवायची गरज पडली नसती.

पावत्या मागितल्या तर मामांना संशय येईल, या भीतीला उत्तर अगदी सोपं होतं. ताई कॉस्टिंगचं काम करत होती. तिने सगळ्या खात्यांचे सगळे कागद एकदम मागवले असते तर कुणाला काही वाटलं नसतं. त्या दीड तासाच्या बैठकीत हे मला सुचायला हवं होतं. माझं काम तेच आहे.

आता माझ्याकडून जाणाऱ्या कोणत्याही करारात "तपासाचा विषय" या रकान्यात माणसाचं नाव पहिल्या टप्प्यात लिहिलं जात नाही. तिथे प्रश्न लिहिला जातो आणि तो कागदावरच्या आकड्यांतून निघालेला असतो. नाव लिहायची वेळ आलीच तर ते का लिहिलं याचा एक परिच्छेद अशिलाने स्वतःच्या हाताने लिहायचा. तो लिहिताना बरेच जण थांबतात.

मामा

त्यांना सांगायचं की नाही, यावर बापलेकीत महिनाभर वाद चालला. साहेबांचं म्हणणं, कळलं तर दुखावतील. ताईचं म्हणणं, त्यांच्या डायरीत नंबर आहे, ते आज ना उद्या शोधतीलच. मी ताईच्या बाजूने होतो. अखेर जूनमध्ये साहेबांनी स्वतः सांगितलं, केबिनचं दार लावून. माफीही मागितली. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "घरापर्यंत आले होते का ते?" साहेब हो म्हणाले. मामा उठले, त्या दिवशीचं रजिस्टर पूर्ण केलं आणि वेळेवर घरी गेले.

त्यांनी तक्रार केली नाही, कुणाला काही बोलले नाहीत. सप्टेंबरअखेर राजीनामा दिला. ताई दोनदा घरी जाऊन आली, वहिनींनी चहा दिला, मामा बाहेर गेले होते. शेवटचा पगार मूळ आणि महागाई धरून २६,००० होता. एकोणीस वर्षांची ग्रॅच्युइटी, भागिले सव्वीस गुणिले पंधराच्या हिशोबाने, २,८५,००० रुपये झाली. चेक मी स्वतः चऱ्होलीला नेऊन दिला. त्यांनी आकडा तपासला, पोच लिहून दिली आणि गेटबाहेर लावलेल्या माझ्या गाडीकडे एकदा पाहिलं.